एकच यादी, दोन जमिनी: आवळा मुरमावर जाड आणि काळ्या मातीत काडी, असं का?

सुईदोरा

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं इथलं सगळं वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. प्रश्न लांबलचक आहे, पण मोजमापं स्वतःच्या हाताने घेतलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

खेड-शिवापूरच्या पुढे आत सासऱ्यांच्या वाटणीची आमची अडीच एकर जमीन आहे. वरचा भाग टेकाड, नुसता मुरूम. मधे उतार. खाली ओढ्याच्या कडेने पाऊण एकराची काळी पट्टी, तिथे सासरे होते तोवर दरवर्षी हरभरा व्हायचा. ते गेल्यावर शेत करणारं कोणी उरलं नाही. पडीक ठेवायला जीव होईना, म्हणून २०१९ च्या जुलैमध्ये आम्ही झाडं लावली. शिवण, शिरीष, खैर, करंज, आवळा, बेहडा, कडुनिंब आणि बहावा. दहा-दहा फुटांवर, हजाराला थोडी कमी. रोपं देणारा म्हणाला होता, "ही आठही कुठेही येतात." आम्ही त्यावर विसंबलो आणि टेम्पोतून रोपं उतरतील तशी वरपासून खालपर्यंत लावत सुटलो. कुठे कोणतं झाड शोभेल, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

माझं धनकवडीत शिलाईचं दुकान आहे. टेप कायम गळ्यात असतो. त्यामुळे पहिल्या वर्षापासून दर संक्रांतीच्या आठवड्यात जाऊन मी झाडांचे घेर घेते, छातीच्या उंचीवर. उंचीसाठी वीस फुटांचा बांबू आहे, त्याला फुटाफुटावर लाल दोरा गुंडाळला आहे. सगळी झाडं मोजणं होत नाही. वरची साठ, खालची साठ ठरवून ठेवली आहेत, त्यांना पत्र्याचे नंबर ठोकले... चुकले, तारेने अडकवले आहेत. नोंदी ऑर्डरच्या वहीत मागच्या बाजूने.

आता या जानेवारीतलं सांगते. खाली शिरीष आणि शिवण बांबूच्या वर गेलेत. शिवणीचा घेर अठरा-एकोणीस इंच. बघून ऊर भरून येतो. पण त्यांच्यामधला आवळा? आठ फूट उंच, घेर साडेतीन इंच, आणि उजेडाकडे इतका कललेला की हात लावला तर वाकतो. खालच्या बहाव्याचीही तीच गत.

वर टेकाडावर शिरीष जेमतेम नऊ फूट, खैर आठ. शिवण जवळजवळ संपली. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला त्यात बरीच वाळली, उरलेली कंबरेइतकी आहेत आणि त्यांचे शेंडे दरवर्षी मरतात. आणि आवळा मात्र सहा इंच घेराचा! बुटका आहे, पण गेल्या कार्तिकात त्याला पहिली फळं आली. मूठभरच होती, पण सासूबाईंनी ती देवापुढे ठेवली.

आणखी एक. वरच्या आवळ्यांतही फरक आहे. ज्यांच्या शेजारी खैर किंवा शिरीष आहे ते सहा-साडेसहा इंचांचे. ज्यांच्या दोन्ही बाजूंना बहावा किंवा कडुनिंब आलाय ते चार इंचांवर अडलेत. नंबर पुन्हा पुन्हा तपासले, तसंच आहे.

माझे प्रश्न: चांगल्या जमिनीत आवळा मागे आणि मुरमावर पुढे, हे कसं? खालच्या शिरीषाच्या फांद्या उतरवू का? आणि वर शिवणीच्या जागा रिकाम्या झाल्यात, त्या कशाने भरू? यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, जमीन चांगली भिजली आहे, म्हणून घाई.

वेल्ह्याचा शेतकरी

ताई, वही ठेवलीत हे फार बरं केलंत. आमच्याकडे सगळे "झाड मोठं झालं" एवढंच सांगतात.

पहिली गोष्ट, घाई करू नका. आधी पहार घ्या. वर, मधे आणि खाली चार-चार ठिकाणी ठोकून बघा, किती खोल जाते आणि कुठे टणक लागतं. मुरूम सगळा सारखा नसतो. मऊ मुरमातून मुळी वाट काढते. खाली काळा कातळ असेल तर त्यावर दहा वर्षांनीही झाड तिथल्या तिथेच असतं. शिवणीला खोल आणि ओल धरणारी जमीन लागते. टेकाडावर ती गेली यात तुमची काही चूक नाही. चूक असेल तर "कुठेही येते" म्हणणाऱ्याची.

दुसरं, तुमच्या शेजारच्या बांधावर आणि ओघळीत न लावता आपोआप काय उगवलंय ते बघून या. तीच तुमची यादी.

फांद्या आता उतरवू नका. पावसात जखम लवकर वाळत नाही, बुरशी धरते. शिरीषाची पानं गळून नुसत्या शेंगा वाजायला लागल्या की, थंडी सरताना, तेव्हा उतरवा. आणि फांदी उतरवणं वेगळं, झाड पाडणं वेगळं. खैरासारख्या झाडाला १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागतो, स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगी लागते. तेवढं आधी विचारून घ्या.

रानवाट

सुईदोरा ताई, माझी सगळी नोकरी रोपवनांच्या मोजणीत गेली. तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुम्ही नकळत एक उत्तम प्रयोग मांडून ठेवला आहे. जाती त्याच, अंतर तेच, वर्ष तेच, बदलली ती फक्त जमीन.

आधी मोजमापाबद्दल. जमिनीची प्रत ठरवताना आम्ही ठरावीक वयाला त्या जातीची सगळ्यांत उंच झाडं किती वाढली ते पाहतो. घेर दाटीने कमीजास्त होतो. ज्यांना वरून मोकळा उजेड आहे त्या झाडांची उंची मात्र दाटीला फारशी दाद देत नाही. म्हणून तुमच्या दोन जागांची तुलना शिरीषावरून करा. वर नऊ फूट, खाली विसाच्या पुढे. आवळ्यावरून करू नका, कारण खालचा आवळा दबलेला आहे. तो मातीबद्दल काहीच सांगत नाही, शेजाऱ्यांबद्दल सांगतो.

खालच्या पट्टीत माती खोल, ओल भरपूर, खायला काही कमी नाही. तिथे तुटवडा एकाच गोष्टीचा, उजेडाचा. जो आधी उंच झाला त्याने तो घेतला. आवळ्याला ऊन लागतं, सावलीत तो उजेड शोधत लांबतो आणि बारीक राहतो. वर टेकाडावर कोणाचेही शेंडे एकमेकांना भिडलेले नाहीत. तिथे ऊन फुकट आहे, टंचाई नत्राची आणि पाण्याची. खैर, शिरीष, करंज यांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात, आणि पाला कुजला की त्यातलं काही शेजाऱ्याला मिळतं. बहावा शेंगेचा असला तरी गाठी धरत नाही. चिंच आणि आपटाही धरत नाहीत. तुमचे बहाव्याशेजारचे आवळे चार इंचांवर का अडले, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

हे पूर्वी पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात विंड रिव्हर नावाची जागा आहे, जमीन अगदी निकस. तिथल्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या कोवळ्या रोपवनात १९३३ मध्ये वणवा अडवायला म्हणून रेड आल्डरचा एक पट्टा लावला. आल्डर शेंगवर्गीय नाही, तरी मुळांच्या गाठींतून नत्र धरतो. काही दशकांनी मोजलं तेव्हा त्या पट्ट्यातला फर शेजारच्या निव्वळ फरपेक्षा जोरदार निघाला. हीच जोडी ओरेगनच्या किनाऱ्यावर कॅस्केड हेडलाही मोजली, तिथली माती मुळातच नत्राने भरलेली. तिथे आल्डर सुरुवातीला भराभर वाढला आणि त्याने फरला दाबून टाकलं. झाडं तीच, संगत तीच. एका जमिनीवर मदत झाली, दुसऱ्या जमिनीवर अडचण.

हवाई बेटांवरही उसाच्या जुन्या जमिनीत निलगिरीबरोबर शिरीषाच्या जवळचं एक झाड १९८२ मध्ये लावलं होतं, आणि मिश्र लागवडीत निलगिरी चांगली पोसली. पण तिथे पाऊस आपल्या लोणावळ्याच्या तोडीचा. पाण्याची वाण नव्हती, नत्राची होती. तुमच्या टेकाडावर दोन्हींची आहे. नत्र देणारं झाडही पाणी पितंच. म्हणून एक विनंती करतो: २०२३ मध्ये वर काही आवळेही मेले असतील, तर त्यांचे शेजारी कोण होते ते वहीत बघाल का?

बावधनकर

आमच्या सोसायटीच्या मागे ओढ्याकाठी मियावाकी या दाट लागवडीच्या पद्धतीने लावलंय, चौरस मीटरला तीन रोपं. दोन वर्षांत बाहेरून हिरवी भिंत. आत वाकून शिरलो तर निम्मी रोपं काड्या झालेली. त्या पद्धतीत अशी मर धरलेलीच असते हे नंतर कळलं, पण ज्यांनी ती रोपं एकेक करून दत्तक घेतली होती त्या मुलांना ते समजावणं फार अवघड गेलं. ताईंचं दहा फुटांचं अंतर मला तरी शहाणपणाचं वाटतं.

माळढोक

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. वरच्या रिकाम्या जागा भरायच्याच कशाला?

मुरमाच्या माळावर झाडं विरळ असणं हीच तिथली रीत आहे. पुण्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला सासवड, जेजुरी, सुप्याकडे जा. मारवेल, पवन्या, कुसळी गवत आणि मधे एखादा हिवर किंवा बोर. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे, आणि ते घनदाट जंगल नाही, माळच आहे. लांडगा त्याच माळावर पिल्लं वाढवतो. आपण माळ दिसला की "ओसाड" म्हणतो आणि खड्डे घ्यायला लागतो. शहरातल्या टेकड्यांवर बाहेरून आणलेल्या गिरिपुष्पाची गर्दी आपण रोज बघतोच आहोत. त्याच्या गडद सावलीखाली गवत राहत नाही, आणि गवतात घरटं करणारे चंडोल, तितर तिथून जातात.

ताई, तुमच्या टेकाडावर टिटव्या आहेत का? असतील तर शिवणीच्या जागा त्यांच्याच समजा.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगितलंत ते करून मगच लिहायचं ठरवलं होतं. मधे राखीचा सीझन होता, दुकानातून पाय निघत नव्हता. गेले दोन रविवार तिथे होते.

पहार: वर आठ-नऊ इंचांवर टणक लागतं. एका ठिकाणी मात्र, जिथे जुना ताल, म्हणजे उतारावरचा बांध, फुटून माती साठली आहे, ती दोन फूट गेली. त्या जागचा बेहडा बाकीच्यांच्या दुप्पट आहे! सहा वर्षं त्याच्याकडे बघून मी नुसतं नवल करत होते. मधल्या उतारावर दीड फूट. खाली पूर्ण पहार गेली आणि उपसायला दोघं लागलो.

गाठी: खैराच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर खुरप्याने वरची माती अलगद बाजूला केली. दोऱ्यासारख्या बारीक मुळ्या, आणि त्यांना लागून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. एक नखाने चिरली. आतून गुलाबी, अगदी डाळिंबाचा दाणा पूर्ण पिकायच्या आधी असतो तशी. बहाव्याखालीही तसंच उकरलं, एकही गाठ सापडली नाही. माती परत नीट लोटून वर पाला घातला.

आता वही. रानवाट काका, तुम्ही विचारलंत म्हणून २०२३ आणि २०२४ च्या संक्रांतीची पानं शेजारी ठेवून बसले. त्या वर्षात वरचे पाच आवळे गेले. पाचपैकी चारांचा शेजारी शिरीष होता. खैराशेजारचा एकही गेला नाही. मी इतकी वर्षं "खैर किंवा शिरीष" असं एकत्रच धरत होते, कारण वाचलेल्या आवळ्यांचे घेर सारखेच दिसत होते. मेलेल्यांची नोंद वेगळ्या पानावर, ती मी हिशेबात घेतलीच नाही. हे लक्षात आलं तेव्हा खरंच वाईट वाटलं.

हे असं का झालं असेल? दोघंही नत्र देतात ना?

माळढोक दादा, राग कसला. टिटव्या आहेत. जूनमध्ये आम्ही वर जायला लागलो की डोक्यावर घिरट्या घालून ओरडतात. पण गवताची मला भीती वाटते. मार्चमध्ये पलीकडच्या डोंगराला वणवा लागतो, आणि ठिणगी आमच्या वाळल्या गवतात पडली तर सहा वर्षांचं सगळं एका दुपारी जाईल.

रानवाट

ताई, मेलेल्यांचं पान हेच तुमच्या वहीतलं सगळ्यांत मोलाचं पान आहे. जगलेल्यांचे घेर पाहून सगळेच फसतात, मीही फसलो आहे.

शिरीषाची मुळं बरीचशी वरच्या थरात पसरतात. तुमच्याकडे वरचा थर म्हणजे आठ-नऊ इंच, त्याच थरात आवळाही पितो. पावसाळा नीट झाला तर शिरीषाच्या नत्राचा फायदा दिसतो. ऑगस्टसारखा खंड पडला की दोघांचं भांडण एकाच घोटावर. खैर सोटमूळ खाली घालतो, मुरमाच्या फटीतून. पान बारीक, सावली विरळ. म्हणून तो नत्र देतो आणि पाण्याला फार आडवा येत नाही. पाच झाडांवरून पक्का नियम काढू नये, पण मी तुमच्या जागी असतो तर वर नवा शिरीष लावला नसता.

म्हणजे तुमच्या अडीच एकरात तीन याद्या हव्यात. टेकाडावर आहे तो खैर आणि आवळा राहू द्या, फार तर मधेमधे मेडशिंगी, सालई, मोई. मोईचे तर खुंटही जगतात. उतारावर करंज, बेहडा, कडुनिंब ठीक आहेत. खाली शिवण आणि शिरीष राजे आहेत, त्यांच्या सावलीत नवं लावायचं तर जांभूळ किंवा करंज लावा, लहानपणी सावली सोसतात. ओढ्याच्या अगदी काठाला अर्जुन, उंबर. खालच्या आवळ्यांत पाच-सहा बरे असतील ते निवडा आणि तेवढ्यांच्याच डोक्यावरचा उजेड मोकळा करा. सगळे वाचवायला जाल तर सगळा शिरीष सोलावा लागेल.

छाटलेला पाला खाली ठेवू नका. वर नेऊन आवळ्यांच्या आळ्यात पसरा. खाली नत्राची गरज नाही, वर आहे.

वेल्ह्याचा शेतकरी

वणव्याचं मी सांगतो. गवत ठेवा, पण दिवाळीच्या सुमारास कापून घ्या. शेजारी गुरंवाला असेल तर तो फुकट कापून नेईल, तुमचंही काम होईल. हद्दीच्या बाजूने बारा-पंधरा फुटांचा पट्टा पार खरवडून मोकळा ठेवा. होळीच्या आधी तो पुन्हा एकदा झाडून घ्यायचा, कारण वाऱ्याने पाला येऊन बसतो. आमच्याकडे हा पट्टा दोनदा उपयोगी पडलाय.

माळढोक

दिवाळीनंतर कापणी उत्तम, तोवर गवताचं बी पडून गेलेलं असतं. टिटवीची अंडी उघड्या मुरमावरच असतात, म्हणून मार्च ते जून वरच्या भागात पाय जपून टाका, एवढंच.

सुईदोरा

कालच्या रविवारी जाऊन आले. ठरवलं ते असं. वर नवीन झाड फक्त त्या फुटक्या तालाच्या कडेला, जिथे दोन फूट माती आहे. तिथे मेडशिंगीची चार रोपं लावली. बाकीच्या जागा गवताला आणि टिटव्यांना. गुरं असलेल्या शेजारच्या मामांशी बोलणं झालं, ते दिवाळीनंतर येऊन कापून नेणार आहेत.

खाली एकेका आवळ्याखाली उभी राहून वर बघितलं. सहा निवडले. त्यांच्यावर झुकलेल्या शिरीषाच्या फांद्या मोजल्या तर चौदा भरल्या. दुकानातून उरलेल्या काठांच्या पट्ट्या नेल्या होत्या, त्या शिडीवर चढून त्या-त्या फांदीला बांधल्या, म्हणजे फेब्रुवारीत पानं गळल्यावर कोणती फांदी उतरवायची त्यात घोटाळा होणार नाही. सासूबाई खाली उभ्या राहून शिडी धरत होत्या. जिथे हरभऱ्याचा ढीग पडायचा ती जागा त्यांनी मला दाखवली, आता तिथे शिवण क्रमांक एकोणचाळीस आहे.

मोजणी नेहमीसारखी संक्रांतीला. ती छाटणीच्या आधी येते, त्यामुळे सहाही आवळ्यांचा आधीचा घेर वहीत राहील. या वेळी मेलेल्यांसाठी वेगळं पान ठेवणार नाही, जगलेल्यांच्या शेजारीच त्यांचाही रकाना आखला आहे.